चराई नावाचा वॉर्ड

आमच्या हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये 'हरवलं' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. नोकरीला लागून चौथाच दिवस असेल, पुरुष वॉर्डातलं सक्शन मशीन सापडेना, म्हणून मी स्टोअरच्या दारात जाऊन म्हणाले, "आबा, पुरुष वॉर्डचं सक्शन हरवलंय."

आबांच्या हातात टकळी होती. दुपारी काम नसलं की ते स्टोअरच्या उंबऱ्यावर बसून लोकर कातत. त्यांनी टकळी थांबवली आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातलं कुणी गेल्याची बातमी आणली होती.

"हरवलं म्हनू नगं," ते म्हणाले. "चुकलंय म्हन."

"काय फरक पडतो?"

"लय पडतो. किल्ली हरवती, रुमाल हरवतो. मेंढरू हरवत न्हाई, चुकतं. हरवलं म्हटलं की मानूस कपाळाला हात लावून बसतंय. चुकलं म्हटलं की उठून बघाया जातंय. आन् धेनात ठेव, मेंढरू चुकलं तर चूक मेंढराची नसती. राखनाऱ्याची असती."

मग ते उठले, एक्स-रेच्या खोलीकडं गेले आणि दहा मिनिटांत सक्शन मशीन ढकलत घेऊन आले. बायोमेडिकलची पदविका घेऊन मी बाहेर पडले होते, पण सक्शन मशीन हे मेंढरू असतं हे मला कुठल्याच वर्षी शिकवलेलं नव्हतं.

विट्याच्या बाजूला एका धर्मादाय संस्थेचं हे साठ खाटांचं हॉस्पिटल. आबा तिथले स्टोअरकीपर. मूळचे माण तालुक्यातले, मेंढपाळाच्या घरातले. लहानपणापासून कळपामागं चालले, मग लागोपाठ दोन-तीन वर्षं पाऊस रुसला, मेंढरं विकावी लागली, आणि या हॉस्पिटलची इमारत उभी राहत होती तेव्हा तिथं राखणीला म्हणून आले ते आलेच. इमारत पूर्ण झाल्यावर 'आता काय राखू?' असं विचारायला गेले, तर सामान राखा म्हणाले. शाळा चौथीपर्यंत. रजिस्टर लिहीत, पण एक ओळ लिहायला त्यांना चहाचा एक कप संपवायला लागेल तेवढा वेळ लागे.

स्टोअरमध्ये खुर्ची होती, तिच्यावर बहुतेक कापसाचे गठ्ठे बसलेले असत. आबा उभे राहत. तेही कसे, तर सलाईनचा एक जुना स्टँड काखेत घेऊन, त्याच्यावर रेलून, एक पाय दुसऱ्या पायाच्या गुडघ्याला टेकवून. माळावर काठीला टेकून उभा असलेला धनगर तुम्ही पाहिला असेल तर वेगळं सांगायला नको. पाहणीला आलेल्या एका पाहुण्या डॉक्टरांनी त्यांना तसं बघून हळूच विचारलं होतं, "यांना चालायला त्रास होतो का?"

प्रत्येक यंत्राला त्यांनी नाव दिलेलं. एका चाकात खोट असलेली व्हीलचेअर 'लंगडी'. आवाज बंद पडलेला मॉनिटर 'मुका'. पांढऱ्या रंगाचे पोपडे उडून खालचा करडा दिसणारी ट्रॉली 'बांडी'. नवीन सिस्टर पहिल्या महिन्यात वैतागत आणि दुसऱ्या महिन्यात स्वतःच फोन करून म्हणत, "आबा, लंगडी मोकळी आहे का?" शिवाय प्रत्येक यंत्राच्या मुठीला त्यांनी कातलेल्या काळ्या लोकरीचा दोरा. एक गाठ म्हणजे अतिदक्षता, दोन म्हणजे पुरुष वॉर्ड, तीन म्हणजे बायकांचा. साफसफाईवाल्या मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाठी मोजता येत होत्या. सामान आपापल्या जागी परत जायचं ते त्या गाठींच्या जोरावर.

मी मात्र कृष्णाकाठची. आमच्याकडं पाटाला पाणी, शेतात ऊस, घरात फौजेतून सुभेदार होऊन आलेले वडील आणि प्रत्येक गोष्टीची यादी. त्या दोऱ्यांकडं बघून मला कळवळाच आला. हे सगळं आपण सुधारायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. माझ्या त्या वयाला ते शोभूनही दिसत होतं.

सुधारायची संधी वर्षाच्या आतच आली. संस्थेनं ठरवलं की सगळ्या यंत्रांना रेडिओ लहरींवर चालणारे टॅग लावायचे. हे काम माझ्याकडं आलं. बोटाच्या दोन पेरांएवढी एक पट्टी, तिच्यात केसासारखी तार आणि तिळाएवढी चिप. वॉर्डांच्या दारांवर आणि गेटवर अँटेना. दारातून यंत्र गेलं की अँटेना विचारणार 'कोण?' आणि टॅग आपला नंबर सांगणार. कुठलं यंत्र शेवटी कुठल्या दारातून गेलं हे संगणकावर दिसणार.

मला वाटलं होतं आबा विरोध करतील. त्यासाठी मी उत्तरंही तयार करून ठेवली होती. ती सगळी वाया गेली.

"म्हंजी बिल्लाच की," आबा म्हणाले. जनावरांच्या कानात सरकारी डॉक्टर पिवळा बिल्ला मारतात, तो त्यांच्या ओळखीचा. "ह्यो बोलतुया व्हय?"

"विचारलं तरच बोलतो. एरवी गप्प असतो."

"मग मानसांपरीस बरा हाय."

त्या दिवसापासून टॅग हा शब्द आमच्या हॉस्पिटलातून गेला. बिल्लाच राहिला. मॅनेजरसाहेब सांगली शहरातले, त्यांचं बोलणं शुद्ध, पण तेसुद्धा फोनवर 'बिल्ला' म्हणताना मी ऐकलेत.

पहिल्या आठवड्यात माझी चांगलीच फजिती झाली. मी बिल्ले नीट ओळीत, यंत्रांच्या पाठीवर चिकटवले. निम्मे वाचलेच जाईनात. पत्र्यावर चिकटवलेल्या बिल्ल्याचा आवाज पत्राच दाबून टाकतो, हे पुस्तकात होतं, पण मला आठवलं नव्हतं. मी तासभर पुरवठादाराला फोन लावत होते. आबा सलाईनच्या स्टँडला टेकून बघत होते.

"पाठीवर कशाला मारतीयास?" ते शेवटी म्हणाले. "कानात घाल. लोंबता ऱ्हाऊ दे. अंगापास्नं सुटा असला म्हंजी बोलंल."

आणि त्यांनी आपला काळा दोरा काढला, बिल्ल्याला भोक नव्हतं म्हणून मला तो बिल्ला प्लॅस्टिकच्या कार्डावर चिकटवायला लावला आणि कार्ड यंत्राच्या मुठीला टांगलं. वाचला गेला. पुरवठादाराचा माणूस दोन दिवसांनी आला आणि त्यानं हेच सांगितलं, फक्त जरा इंग्रजीत. सलाईनच्या खोक्यांमागं ठेवलेली यंत्रंही अशीच गप्प बसायची, कारण पाणी लहरी पिऊन टाकतं. त्यावर आबांनी मला ऐकवलं, "तुमी बागायती मानसं. तुमचं पानीच तुमाला नडतंय."

बिल्ल्यांनी पहिली भांडणं लावली ती वॉर्डांमध्ये. मी हातातला स्कॅनर घेऊन बायकांच्या वॉर्डात फिरत होते, तर चादरींच्या कपाटापाशी तो आवाज देऊ लागला. आत, स्वच्छ चादरींच्या घडीत, दोन सिरिंज पंप. आठवडाभर अतिदक्षतावाले ज्यांच्या नावानं ओरडत होते तेच. सिस्टरचा चेहरा उतरला. मी विजयानं स्टोअरमध्ये आले आणि आबांना सांगितलं.

"ठावं हाय," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तिच्या वॉर्डात गेल्या साली एक बाळंतीन तापली. पंप मागितला तर येळेवर मिळाला न्हाई. तवापासनं लपिवती. तिच्या कपाटातनं काढून घिशील, ती दुसऱ्या कपाटात ठिवंल. तिला येळेवर मिळंल आसं कर, मग आपनच भाईर काढंल."

मी ते त्या वेळी हसण्यावारी नेलं. तीन महिन्यांनी, वेळेवर मिळायला लागल्यावर, चादरींच्या कपाटात खरोखरच चादरीच राहिल्या.

आता मुख्य गोष्टीकडं येते. साथीच्या काळात देणगीदारांनी हॉस्पिटलला हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी मशिनं दिली होती, कॉन्सन्ट्रेटर. चाकांवरची, गुडघ्याएवढी, पंधरा किलोंची. रजिस्टरात आठ होती. मला सात सापडली.

"आठवं कुठाय, आबा?"

"चरायला गेलंया."

मी हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यात मला हसू येईना. तपासणीची माणसं यायच्या आत मॅनेजरांना यादी शंभर टक्के हवी होती, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी स्टोअरमध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि म्हणाले, "आबा, मला खरं सांगा. नाहीतर मला 'हरवलं' लिहावं लागेल."

त्या शब्दावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "ऐतवारी मोकळी हायस का?"

रविवारी आम्ही एसटीनं म्हसवडला उतरलो. आबांनी स्टँडवरूनच सिद्धनाथाच्या देवळाच्या दिशेला हात जोडले, चहा बशीत ओतून प्यायले आणि मला एका वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपमध्ये बसवलं. पुढं तासभर नुसता माळ. मधून मधून ज्वारी, बोरी-बाभळी, आणि कुठं कुठं मेंढरं. प्रत्येक कळप दिसला की आबा बोलायचे थांबत. तो दिसेनासा झाला की वाक्य पुढं सुरू करत.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. दाराशी खाटेवर एक माणूस उशांना टेकून बसलेला. पन्नाशीच्या आतला, पण नुसती हाडं. नाकात नळी, आणि नळीचं दुसरं टोक आमच्या आठव्या मशिनीत. मशीन धापा टाकत होतं आणि तोही.

तो गलाईवाला. आमच्या या पट्ट्यातली माणसं दूरदूरच्या शहरांत जाऊन सोनं गाळून शुद्ध करण्याची दुकानं घालतात, त्यातला. पोरवयात दक्षिणेत गेला, पंचवीस वर्षं एका खिडकी नसलेल्या खोलीत तेजाबाच्या वाफेत काम केलं आणि फुप्फुसं कडक करून घरी परत आला. आमच्याच हॉस्पिटलात दोनदा राहिला. दुसऱ्यांदा सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, आता औषध काही नाही, ऑक्सिजन लागणार, दोन-तीन महिने. त्याला ते महिने घरी काढायचे होते. दारातून समोरचा माळ दिसतो, एवढंच त्याचं मागणं. आबांनी कुणाला न विचारता मशीन टेम्पोत चढवलं.

"तुमचा कोण लागतो तो?" मी हळूच विचारलं.

"कुनी न्हाई."

त्याची बायको मशिनीची जाळी काढून धूत होती. तिनं मला ती धुतलेली जाळी दाखवली, उजेडाला धरून. "रोज धुते," म्हणाली. "आबांनी सांगितलंया. वीज गेली तर इन्व्हर्टर हाय. त्यो बी रोज बघते." माझ्या वॉर्डांतल्या सातही मशिनींची जाळी इतकी स्वच्छ नव्हती.

तो माणूस माझ्या हातातल्या स्कॅनरकडं बघत होता. "न्याया आलाय?" त्यानं विचारलं. एकेका शब्दाला एकेक श्वास लागत होता.

मी स्कॅनर पाठीमागं धरला. तोच पुढं म्हणाला, "सोनं लय शुद्ध क्येलं म्याडम. हवा तेवढी ऱ्हायली."

आणि हसला. हसल्यावर त्याला खोकला आला आणि बायकोनं येऊन त्याची पाठ धरली.

मी पर्समधून बिल्ला काढला, कार्डावर चिकटवला, मशिनीच्या मुठीला टांगला. संगणकात यंत्राची जागा लिहावी लागते. परतताना जीपमध्ये बसून मी मोबाईलवर ती जागा लिहिली: चराई. यादी आठवर आठ झाली. आबांना दाखवलं, तर ते बराच वेळ मोबाईल लांब धरून बघत राहिले आणि त्यांनी मला म्हसवडला भजी खाऊ घातली. मी स्वतःवर भलतीच खूश होते. कायदाही मोडला नाही आणि माणूसही मोडला नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं.

जे डोक्यात नव्हतं ते असं. कुठलंही यंत्र तीस दिवस एकाही दारावर वाचलं गेलं नाही, तर संगणक आपण होऊन विश्वस्तांना पत्र पाठवतो, ही सोय मीच चालू केली होती. मॅनेजरांना फुशारकीनं दाखवलीही होती. माळावर कुठलं दार आणि कुठली अँटेना? एकतिसाव्या दिवशी सकाळी पत्र गेलं. यंत्र: ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, क्रमांक आठ. वॉर्ड: चराई. स्थिती: हरवले. जबाबदार व्यक्ती म्हणून आबांचं पूर्ण नाव.

अकरा वाजता बोलावणं आलं. मॅनेजर, एक विश्वस्त, आबा आणि मी. मॅनेजरांनी कागद पुढं सरकवला.

"हा चराई वॉर्ड कुठं आहे, आबा? आणि मशीन हरवलं कसं?"

"हरवलं न्हाई," आबा म्हणाले.

"इथं लिहिलंय."

"लिव्हलं असंल. हरवलं न्हाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गाव, घर, माणूस. मी दिलं, म्हणाले. कुणाला विचारलं नाही, म्हणाले. बिल्ला कुणी लावला, चराई कुणी लिहिलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि चौकशीत ते कुणी विचारलंही नाही. आबांना संगणक येतो की नाही एवढासुद्धा विचार त्या खोलीत कुणी केला नाही. सोमवारपर्यंत मशीन परत आणा, नाहीतर चोरीची तक्रार द्यावी लागेल, असं विश्वस्त म्हणाले. आबा म्हणाले, "आनतो."

मी गप्प बसले. त्यांनी माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते काही खरं नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती आणि मी घाबरले होते, एवढंच खरं आहे.

चार दिवस मला जेवण गेलं नाही. मशीन काढलं तर तो माणूस किती तास काढेल हे मला त्या खोलीतल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. आकडे माझ्याच विषयातले होते.

सोमवारी दहाच्या सुमाराला गेटवरची अँटेना ओरडायला लागली. ओपीडीची गर्दी होती, सगळे बाहेर बघायला लागले. गेटात एक टेम्पो. हौद्यात गादी, गादीवर गलाईवाला, उशांना टेकून. शेजारी इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी, दोरीनं बांधलेली. मशीन चालू. बायको नळी धरून बसलेली. आणि पुढून उतरलेले आबा, पांढरी टोपी नीट करत.

मॅनेजर धावत आले. आबा म्हणाले, "मशीन आनलंया सायेब. घ्या उतरवून."

कुणी हललं नाही.

"आवं घ्या की. सोमवारपातूर म्हनला हुता."

"हे काय आबा, पेशंटला कशाला आणलं?"

आबांच्या ऐवजी हौद्यातून उत्तर आलं. "म्याच म्हनलो," गलाईवाला म्हणाला. थांबला, श्वास घेतला. "मशीन मागत्यात. माज्याबिगर. कसं येनार त्ये?"

तेवढ्यात मोठ्या बाई ओपीडीतून बाहेर आल्या. हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टर, सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत. साडीचा पदर खोचून त्या सरळ टेम्पोत चढल्या, त्याची छाती तपासली, बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन बघितला. त्याच्या कागदांवर सही त्यांचीच होती. "घरी जा" त्यांनीच सांगितलं होतं. ऑक्सिजन कुठून आणायचा, हे त्या दिवशी त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. हे त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी मशिनीवरून एकदा हात फिरवला.

"कुणी दिलं होतं हे?" मग त्यांनी विचारलं.

"म्या," आबा म्हणाले.

या वेळी मात्र माझं तोंड उघडलं. "बाई, बिल्ला मी लावला. मी तिथं गेले होते. मला सगळं माहीत होतं. चराई हे मी लिहिलं." माझा आवाज इतका चिरका निघाला की ओपीडीतल्या एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "ही का रडतीया?"

मोठ्या बाईंनी टेम्पोतच बसून चिठ्ठीवर लिहिलं. यंत्र या रुग्णाला घरी वापरण्यास द्यावे. महिन्यातून एकदा कुणीतरी जाऊन यंत्र आणि रुग्ण दोन्ही बघून यावे. खाली सही. मग चिठ्ठी मॅनेजरांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चोरीची तक्रार करायची असेल तर आता माझ्यावर करा." टेम्पो तासाभरात परत फिरला.

त्या संध्याकाळी मी स्टोअरमध्ये गेले. आबा गाठी मारत होते.

"आबा, चूक माझी होती. मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं."

"तुजी कशी?" ते म्हणाले. "चूक राखनाऱ्याची आसती. तू राखनदार न्हाईस."

"मग मी कोण?"

"तू बिल्ला लावनारी."

ते रागानं बोलले असते तर मी भांडले असते. ते अगदी साधेपणानं बोलले, हातातली गाठ न सोडता. मला ते फार लागलं, आणि लागायलाच पाहिजे होतं.

पुढं दर महिन्याला आम्ही दोघं माणात जात राहिलो. मी स्कॅनर न्यायची, आबा कधी गूळ, कधी शेंगा. पहिल्या दोन-तीन वेळा मी मशिनीचा दाब मोजायची, ऑक्सिजनचं प्रमाण मोजायची, वहीत लिहायची. आबा तेवढ्या वेळात खाटेशी बसून दोन-तीन तास गप्पा मारायचे. कुठल्या माळाला गवत आलंय, कुणाच्या मेंढ्या कुठं उतरल्यात. गलाईवाला ऐकत असे. डॉक्टरांनी दिलेले दोन-तीन महिने संपले, मग आणखी दोन संपले. हॉस्पिटलनं एक छापील फॉर्म काढला, चराईत आणखी दोन मशिनं गेली. तीस दिवसांची अट मी त्या वॉर्डापुरती काढून टाकली. मॅनेजरांनी वॉर्डाचं नाव बदलून काहीतरी सभ्य ठेवायला सांगितलं होतं. त्यांच्या मागं लागण्याला कंटाळून मी 'हो' म्हटलं आणि बदललं नाही.

आबा निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत त्यांना बोलायला उभं केलं, तर म्हणाले, "लंगडीचं चाक बदला," आणि बसले. स्टोअरचा ताबा तूर्त माझ्याकडं आला, तो आजही तूर्तच आहे. आबा माणात परत गेले. कुणाच्या तरी चार मेंढ्या राखतात असं कळलं.

एका सकाळी त्यांचा फोन आला. गलाईवाला गेला. घरी, दाराशी, सकाळच्या उन्हात. आबा मातीला जाऊन आले होते. मशिनीबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. पण पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी संगणक लावला की माझं लक्ष आधी आठव्या ओळीकडं जायचं. नवा पेशंट वाट बघत होता, असं मी स्वतःला सांगायची. तसा एक वाट बघत होताही.

मग एका दुपारी गेटच्या अँटेनानं आवाज दिला. आठवी ओळ हिरवी झाली. मी स्कॅनर घेऊन बाहेर आले, तर गलाईवाल्याची बायको मशिनीची मूठ धरून उभी. गावाकडून वडापनं, मग म्हसवडहून एसटीनं, आणि स्टँडपासून ढकलत. चाकांना वाटेतली माती लागलेली.

मी बिल्ला वाचला, नंबर जुळवला. जाळी काढून बघितली, धुतलेली होती. नळी वेगळ्या पिशवीत, गुंडाळून, वर रुमालाची गाठ. तास मोजणारा आकडा लिहून घेतला. मशीन भिंतीशी लावून पाच मिनिटं चालवून पाहिलं, उत्तम चाललं. मग मी आबांना फोन लावला. ही बातमी त्यांना पहिली कळावी असं मला मनापासून वाटत होतं.

"आबा, आठवं मशीन आलं. एकदम चांगल्या स्थितीत आहे."

"कुनी आनलं?"

"त्यांच्या बायकोनं. एसटीनं आल्या."

"एकलीच?"

"हो."

पलीकडं वाऱ्याचा आवाज येत होता. माळावर असावेत.

"जेवली का ती?" आबांनी विचारलं.

मी वळून बघितलं. मशीन तिच्या हातातून मी केव्हाच घेतलं होतं, आणि ती अजून तिथंच उन्हात उभी होती. हात रिकामे झाल्यावर त्यांचं काय करायचं हे तिला कळत नसावं. पदराचं टोक ती दोन्ही हातांनी धरून होती. तिला आत ये म्हणायचं, बस म्हणायचं, पाणी विचारायचं मला सुचलं नव्हतं. तिचा नवरा गेल्याबद्दल मी एक शब्दसुद्धा बोलले नव्हते.

"न्हाई आबा," मी म्हणाले. "म्या इचारलंच न्हाई."

"मग फोन ठेव की," आबा म्हणाले.